चोर गेला, किल्ल्यांचं काय?

बँकेच्या तिजोरीची किल्ली हरवली आणि तासाभराने सापडली, तर पुढे काय करायचं? बाहेरचा माणूस म्हणेल, सापडली ना, मग झालं! मी ज्या शाखांमधून नोकरी केली तिथे तसं चालत नसे. किल्ली सापडली तरी कुलूप बदललं जाई. त्या तासाभरात ती कुणाच्या हाती होती आणि त्याने साबणाच्या वडीवर तिचा ठसा उठवून घेतला की नाही, हे कोण सांगणार? आमच्या एका मॅनेजरसाहेबांना या नियमाचा फार राग. ‘खर्च बघा, खर्च!’ म्हणायचे. पण कुलूप बदलून घ्यायचे.

घरच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला की आपण दुकानदाराला बोलावतो, तो काहीतरी खाटखुट करतो, व्हायरस निघतो, आपण पैसे देतो आणि विषय संपतो. चोर घरातून बाहेर गेला, एवढ्यावर सगळे खूष. तो घरात होता तेव्हा त्याने कपाटातल्या किल्ल्यांचं काय केलं, हे कुणी विचारत नाही. वर्तमानपत्रांत व्हायरस कसा ओळखावा, कसा काढावा यावर पुष्कळ लिहून येतं. काढल्यानंतर काय, यावर फारसं येत नाही. म्हणून हा लेख.

घिवली हे माझ्या मावशीचं गाव. पालघर जिल्ह्यात, बोईसर स्टेशनावर उतरून पश्चिमेला समुद्राकडे जायचं. तारापूरचं अणुवीज केंद्र शेजारीच. समुद्र, होड्या, बांबूंवर वाळत घातलेले बोंबील आणि त्यांच्या मागे ते केंद्र, असं चित्र मी लहानपणापासून पाहत आलो. मावशी गेली, आता तिथे माझी मावसबहीण राहते. वीस वर्षं तिने बोईसरच्या बाजारात मासळी विकली. मेव्हणे तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यातून निवृत्त झाले आणि प्रॉव्हिडंट फंडाचे नऊ लाख त्यांनी दोघांच्या नावे मुदत ठेवीत टाकले. घरात २०१७ साली घेतलेला एक कॉम्प्युटर. त्यावर मुलांचे परीक्षेचे फॉर्म भरून झाले, होडीच्या डिझेलचे कागद झाले, मेव्हण्यांच्या पेन्शनचा हयातीचा दाखला झाला आणि मावशीच्या साठीच्या समारंभाचे फोटोही त्यातच राहिले. थोडक्यात, पूर्वीच्या काळी लोखंडी ट्रंकेत जे जे असायचं, ते सगळं त्यात.

२०२५ च्या मे महिन्यात भाचीचं लग्न झालं. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी. हळदीच्या नाचाचा व्हिडिओ नीट कापून, गाणी घालून सगळ्यांना पाठवायचा म्हणून भाच्याने व्हिडिओ जुळवण्याचं एक महागडं सॉफ्टवेअर कुठूनसं फुकट उतरवलं. अशा फुकटच्या मालासोबत एक सूचनापत्र येतं आणि त्यात पहिलं वाक्य बहुधा असं असतं, की ‘अँटिव्हायरस बंद ठेवा, नाहीतर हे चालणार नाही’. दरवाजा उघडा ठेवा, कुत्रा बांधून ठेवा, मग आम्ही येतो, असंच हे सांगणं! पोरगं वीस वर्षांचं, व्हिडिओची घाई. त्याने बंद ठेवला.

चार दिवसांत कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला, नको त्या जाहिराती उमटायला लागल्या. भाच्याने तो बोईसरच्या एका दुकानात नेला. दोन दिवसांनी परत आणला. सहाशे रुपये दिले. दुकानदार म्हणाला, ‘सगळं साफ केलंय, आता बिनधास्त वापरा.’ त्या माणसाला मी दोष देत नाही. त्याला व्हायरस काढायला सांगितला होता, तो त्याने काढला.

अकराव्या दिवशी भाचीचं इन्स्टाग्रामचं खातं तिच्या हातून गेलं. त्यावरून नातेवाइकांना निरोप गेले, ‘हॉस्पिटलमध्ये आहे, फोन उचलता येत नाही, पैसे पाठव.’ विरारच्या चुलतसासूबाईंनी पंधरा हजार पाठवले. नवी सून, पहिल्यांदाच काही मागतेय, नाही कसं म्हणायचं? आणखी आठवड्याने मावसबहिणीला फोन आला. बोलणारा गोड आवाजाचा. ठेवीची रक्कम त्याला माहीत, मुदत कधी संपते ते माहीत, खात्याचे शेवटचे चार आकडेही माहीत. म्हणाला, ज्येष्ठ नागरिकांना जादा व्याज मिळतंय, मोबाइलवर आलेला ओटीपी तेवढा सांगा. आमच्या बाईसाहेब मासळीबाजारात तयार झालेल्या. म्हणाली, ‘एवढं सगळं तुला ठाऊक आहे, तर तेवढाच आकडा मला कशाला विचारतोस?’ आणि फोन ठेवून तिने मला लावला. ‘दादा, ह्याला आमची ठेव कशी ठाऊक?’

प्रश्न अगदी नेमका होता. बँकेतून फुटलं असेल, हा मेव्हण्यांचा तर्क. माझा तर्क घरातल्या कोपऱ्यातल्या त्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवत होता. पण तो तर साफ झालेला!

इथे थोडं मागे जायला हवं. मी बँकेत लागलो तेव्हा लेजर हाताने लिहायचे. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन समितीचा अहवाल आला आणि त्यानंतर काही वर्षांत आमच्या शाखांमध्ये एएलपीएम नावाची खातेवही लिहिणारी यंत्रं आली. यंत्राच्या खोलीत चपला काढून जायचं. युनियन विरोधात, आम्ही धास्तावलेले, आणि खोलीत एसी म्हणून दुपारचा डबा तिथेच खावासा वाटणारे. त्या काळचे व्हायरस फ्लॉपीवरून यायचे आणि त्यांचा स्वभाव वात्रट पोरासारखा असायचा. १९८६ साली लाहोरच्या अल्वी बंधूंनी ‘ब्रेन’ नावाचा व्हायरस लिहिला, त्यात त्यांनी स्वतःचं नाव, पत्ता आणि फोन नंबर घातला होता! १९९२ साली ‘मायकेलँजेलो’ गाजला. तो त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, म्हणजे ६ मार्चला जागा होऊन डिस्कवरचं पुसून टाकायचा. आम्ही त्या दिवशी यंत्रच चालू केलं नाही. साताऱ्याकडून पुण्यात येऊन कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकाच्या मध्याला ‘क्विक हील’ बाजारात आणलं, तेही अशाच व्हायरसांवर. तेव्हाचं औषध सरळ होतं. व्हायरस शोधा, पुसा, फ्लॉपी फेका. त्याने मागे काही नेलेलं नसायचं, कारण यंत्राला बाहेर जायची वाटच नव्हती. आजही आपण त्याच सवयीने वागतो, घोटाळा इथे आहे.

इंटरनेट आलं आणि वाट झाली. आता जे घुसतं त्याला मोडतोड करण्यात रस नसतो. तशी केली तर घरमालक जागा होईल! माहिती चोरणाऱ्या जातीचा व्हायरस आत शिरला की काही मिनिटांत तीन गोष्टी गोळा करतो. ब्राउझरमध्ये आपण ‘सेव्ह’ म्हणून ठेवलेले पासवर्ड. फॉर्ममध्ये आपोआप भरले जाणारे नाव-पत्ता-कार्ड. आणि कुकी नावाची छोटी चिठ्ठी. ही कुकी म्हणजे काय? जत्रेत किंवा वॉटर पार्कमध्ये तिकीट काढलं की हातावर शिक्का मारतात. मग बाहेर जाऊन आलात तरी तिकीट पुन्हा मागत नाहीत. एकदा पासवर्ड देऊन आत गेलात की ब्राउझरच्या हातावर असाच शिक्का बसतो. त्याची नक्कल ज्याच्या हातावर, त्याला पासवर्ड लागत नाही आणि बहुतेकदा ओटीपीही लागत नाही. हे सगळं एका पुडक्यात बांधून बाहेर धाडलं जातं, ते पुडकं पुढे विकलंही जातं. दुकानदाराने नंतर व्हायरस काढला तरी गेलेलं पुडकं परत कसं येणार? भाचीची ई-मेल त्या पुडक्यात होती आणि ठेवीची पावती त्या ई-मेलमध्ये होती, कारण बँकेत पत्ता देताना मेव्हण्यांनी लेकीची ई-मेल दिली होती. अर्धा महाराष्ट्र असंच करतो.

आठवड्याच्या शेवटी मी घिवलीला गेलो. जून महिना, मासेमारी बंद, होड्या वर ओढून झाकलेल्या. घरात सगळे रिकामे. भाचा मान खाली घालून बसलेला. त्याने आल्या आल्या कॉम्प्युटर चालू करून पासवर्ड बदलायला घेतला, तेव्हा मी त्याला थांबवलं. चोर घरात आहे की नाही याची खात्री नसताना त्याच्यासमोरच नवी किल्ली घडवायची? यंत्राची वायर काढून ठेवली, राउटरपासून ते तोडलं आणि पहिलं सगळं काम माझ्या मोबाइलवर, माझ्या इंटरनेटवर केलं.

सुरुवात बँकेपासून करावी असं मेव्हण्यांचं म्हणणं. माझं म्हणणं, आधी ई-मेल. कारण ‘पासवर्ड विसरलो’ असं म्हटलं की नवा पासवर्ड ई-मेलवर येतो. ज्याच्या ताब्यात ई-मेल, त्याच्या ताब्यात बाकी सगळ्या दारांचा जुडगा. भाचीच्या ई-मेलचा पासवर्ड बदलला, आणि लगेच ‘सगळ्या उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय वापरला. हातावरचे शिक्के असे पुसतात. नुसता पासवर्ड बदलून ते दरवेळी पुसले जातातच असं नाही. मग पासवर्ड विसरल्यास कुणाच्या नंबरवर निरोप जाईल, ते पाहिलं. तिथे भाचीच्या नंबराखाली एक अनोळखी ई-मेल पत्ता आयता बसलेला. तो काढला. आणि मग ई-मेलच्या सेटिंगमध्ये सहसा कुणी उघडत नाही असं एक पान उघडलं, फिल्टर आणि फॉरवर्डिंगचं. तिथे नियम करून ठेवलेला होता की बँकेकडून येणारं प्रत्येक पत्र एका भलत्याच पत्त्यावर जावं आणि इथे ते वाचलेलं दिसावं. भाची बघतच राहिली. पासवर्ड दहादा बदलला असता तरी हा नियम तिथेच राहिला असता आणि बँकेची पत्रं निमूटपणे दुसऱ्याला मिळत राहिली असती.

यानंतर दोन टप्प्यांचा पहारा लावला, म्हणजे पासवर्डनंतर मोबाइलवरची खूण द्यायची. त्यासोबत मिळणारे आणीबाणीचे आकडे कागदावर लिहून कपाटात ठेवले. मग बँक. नेटबँकिंगचा पासवर्ड, व्यवहाराचा वेगळा पासवर्ड, आणि पैसे कुणाला पाठवायचे त्या लाभार्थींची यादी. एक एक नाव मोठ्याने वाचून मेव्हण्यांनी ‘हा आपला’ असं म्हणेपर्यंत पुढे गेलो नाही. ऑनलाइन व्यवहाराची मर्यादा खाली आणली. ठेवीवर ऑनलाइन कर्ज उचलता येतं, ती सोय सोमवारी शाखेत अर्ज देऊन बंद करून घेतली. आजच्या चोरांना ठेव मोडण्यापेक्षा तिच्यावर कर्ज काढणं जास्त आवडतं, हे वाचकांनी ध्यानात ठेवावं. शेवटी व्हॉट्सॲपमधली जोडलेल्या उपकरणांची यादी. तिथे घरचा कॉम्प्युटर जोडलेला होता, तो तोडला.

पासवर्ड कुठे ठेवायचे, यावर घरात वाद झाला. बँकेत असताना आम्ही गिऱ्हाइकांना सांगायचो, पासवर्ड लिहून ठेवू नका. आज साठी ओलांडलेल्यांसाठी माझं मत वेगळं आहे. व्हायरसला ब्राउझर उघडता येतो, लाकडी कपाट उघडता येत नाही. दहा खात्यांना एकच सोपा पासवर्ड लक्षात ठेवण्यापेक्षा दहा वेगळे पासवर्ड वहीत लिहून ती वही कुलपात ठेवणं पुष्कळ बरं. फक्त बँकेचं आणि खात्याचं नाव त्याशेजारी लिहू नये. तरुणांनी पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर वापरावं. आणि पासवर्ड लांब हवा. चार असंबद्ध शब्द जोडावेत, कोयता-बोंबील-श्रावण-सातबारा असे. (हा आता छापून आला, तेव्हा हा कुणी घेऊ नये!)

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरकडे वळलो. विंडोजचा स्वतःचा पहारेकरी, डिफेंडर, चालू होता आणि ‘सर्व ठीक’ असं हिरवं चिन्ह दाखवत होता. पण ‘यांना तपासू नये’ अशी त्याची एक यादी असते. त्या यादीत अख्खी सी ड्राइव्ह टाकलेली! म्हणजे रखवालदार दारात उभा, पण त्याला सांगून ठेवलेलं, की घराकडे बघायचं नाही. ती नोंद काढून, विंडोज सुरू होण्याआधीच होणारी ऑफलाइन तपासणी केली. ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत एक अर्थहीन नावाचं काम सापडलं, रोज पहाटे तीन वाजता काहीतरी उतरवून घेणारं. ब्राउझरमध्ये दोन अनोळखी एक्स्टेंशनं होती. आणि दुकानदाराने दुरून दुरुस्तीसाठी घातलेलं सॉफ्टवेअर तसंच राहिलं होतं. गवंड्याने काम झाल्यावर शिडी भिंतीला लावून जावं तसं ते.

एवढं बघितल्यावर मी ठरवलं की यंत्र पुन्हा कोरं करायचं. व्हायरस सौम्य असेल तर एवढं करायची गरज नसते; जुने रिस्टोअर पॉइंट पुसावेत, कारण त्यांत जुना व्हायरस झोपलेला असू शकतो, तात्पुरत्या फायली पुसाव्यात, दुसऱ्या एखाद्या अँटिव्हायरसने एकदा खात्री करून घ्यावी. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं, त्यानेही अशी साधनं लोकांना फुकट दिली. पण ज्याने पहारेकऱ्यालाच फितवलं होतं, त्याचं सगळं सामान सापडलं असं छातीठोकपणे कोण म्हणणार? फोटो, कागदपत्रं, हळदीचा व्हिडिओ एवढं बाहेरच्या डिस्कवर घेतलं. एकही सॉफ्टवेअर घेतलं नाही. घेतलेलंही आधी तपासलं. माझ्या पालघरच्या लॅपटॉपवर तयार केलेल्या पेन ड्राइव्हवरून विंडोज नव्याने घातलं.

मग त्यात दोन खाती केली. एक मालकाचं, ज्यात नवी सॉफ्टवेअरं घालता येतात. त्याचा पासवर्ड भाचीकडे. दुसरं रोजच्या वापराचं, साधं. भाचा आता त्या साध्या खात्यात बसतो. काही घालायचं झालं तर ताईला फोन करून पासवर्ड मागावा लागतो, आणि मागताना कशासाठी ते सांगावं लागतं. तिजोरीच्या किल्ल्या दोघांत वाटून ठेवण्याची आमच्या बँकेची पद्धत, तीच ही. फायलींच्या नावाचं शेपूट दिसेल असंही करून ठेवलं. ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसतं आणि प्रत्यक्षात शेवटी ‘डॉट ईएक्सई’ असतं, हा जुनाच डाव आहे. पेन ड्राइव्हचं वेगळं. गावागावांत झेरॉक्सच्या दुकानांतून ती हिंडते, शंभर घरच्या पेन ड्राइव्ह त्या एका यंत्रात जातात, आणि घरी येते तेव्हा फोल्डर गायब आणि त्यांच्या जागी शॉर्टकट. छापायचं ते ई-मेलने किंवा मोबाइलवरून द्यावं, नाहीतर त्यासाठी एक वेगळी, दुसरं काही नसलेली पेन ड्राइव्ह ठेवावी.

राउटर राहिला होता. तो बसवल्यापासून त्याचा पासवर्ड ‘ॲडमिन’. तोही बदलला, आणि गल्लीतल्या निम्म्या मुलांना ठाऊक असलेला वायफायचा पासवर्डही. त्या संध्याकाळी दारात बरीच गर्दी जमली होती.

बोलता बोलता मेव्हण्यांनी शेजारच्या केंद्राकडे बोट केलं. ‘तिथे असं झालं तर?’ मी त्यांना कुडनकुलमची गोष्ट सांगितली. तामिळनाडूतलं ते अणुवीज केंद्रही तारापूरसारखंच न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनचं. २०१९ च्या ४ सप्टेंबरला सर्ट-इन या सरकारी यंत्रणेने तिथल्या एका कॉम्प्युटरमधला व्हायरस कळवला आणि ३० ऑक्टोबरला कॉर्पोरेशनने जाहीर मान्य केलं. तो कॉम्प्युटर कार्यालयीन कामाच्या, इंटरनेटला जोडलेल्या जाळ्यातला होता. अणुभट्टी चालवणारं जाळं त्यापासून तोडलेलं होतं, असं निवेदनात म्हटलं होतं. घरापुरतं यातून घेण्यासारखं एवढंच, की जिथे मौल्यवान वस्तू आहे तिथे येणाजाणाऱ्यांचा रस्ता नसावा. ज्या यंत्रावर व्हिडिओ, खेळ आणि फुकटची सॉफ्टवेअरं, त्याच यंत्रावर बँक नको.

तोडून ठेवण्याचं महत्त्व सांगणारी दुसरी गोष्ट मला फार आवडते. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस युक्रेनमधून जगभर पसरला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची सगळी यंत्रं बंद पडली आणि आपल्याकडे न्हावा-शेव्याच्या जेएनपीटी बंदरात तिच्या ताब्यातलं टर्मिनल ठप्प झालं. कंपनीला दहा दिवसांत पंचेचाळीस हजार कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. पण कुणाला कुठे प्रवेश आहे याची मूळ नोंद ठेवणाऱ्या यंत्रांच्या सगळ्या प्रती पुसल्या गेलेल्या. वाचली ती एकच, घाना देशातल्या कार्यालयातली. का? तर ऐन त्या वेळी तिथे वीज गेली होती आणि ते यंत्र जाळ्यातून सुटलं होतं! लोडशेडिंगचे असेही आशीर्वाद असतात, हे महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. बॅकअपची डिस्क कॉम्प्युटरला कायम जोडून ठेवली तर खंडणी मागणारा व्हायरस तिलाही कुलूप घालतो. महिन्यातून एकदा जोडायची, भरायची, काढून ठेवायची. माझ्या कादंबऱ्यांची मी याशिवाय एक कागदावरची प्रतही ठेवतो. ती व्हायरस खात नाही, वाळवी खाते.

नॉटपेट्या ज्या भोकांमधून शिरला त्यांतलं एक मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच बुजवलं होतं. त्याच भोकातून १२ मेला ‘वॉनाक्राय’ शिरला होता. ज्यांनी मधल्या दोन महिन्यांत अपडेट घेतलं नाही, त्यांचंच ते भोक उघडं राहिलं. अपडेटची खिडकी आली की ‘नंतर’ दाबायची आपली सवय महाग पडते ती अशी.

पैशांचं काय झालं, हे राहिलंच. विरारच्या सासूबाईंनी दोन दिवस कुणाला सांगितलं नाही, संकोचापोटी. तिसऱ्या दिवशी १९३० या क्रमांकावर तक्रार केली, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंदवली. तोवर पंधरा हजार चार खात्यांतून फिरून बाहेर पडले होते. हा क्रमांक अशासाठी आहे की पैसे चोराच्या खात्यात असतानाच ते अडवता यावेत. तिथे दिवसांचा नाही, तासांचा हिशेब असतो. बँकेला कळवण्याचाही असाच हिशेब आहे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ठरवून दिलं होतं की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तिसऱ्याचीच असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर काहीही बोजा नाही; चार ते सात दिवसांत कळवलं तर मर्यादित बोजा. मात्र ओटीपी ग्राहकाने स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. मावसबहिणीने त्या गोड आवाजाला तो आकडा सांगितला असता, तर त्या नऊ लाखांसाठी भांडताना तिची बाजू किती लंगडी पडली असती, हे मी मेव्हण्यांना मुद्दाम हिशेब मांडून दाखवलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग बायकोला म्हणाले, ‘चहा मी करतो.’

भाचीने ओळखीच्या सगळ्यांना निरोप पाठवला की माझं खातं गेलं होतं, त्यावरून आलेलं काही उघडू नका. लाज वाटते म्हणून लोक हे टाळतात, आणि रोग एका घरातून दुसऱ्या घरात जातो.

त्या २०१७ च्या कॉम्प्युटरला विंडोज ११ चालत नाही. विंडोज १० ची नेहमीची डागडुजी मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेपुरती दुरुस्ती मिळेल असं जाहीर केलं. भाच्याने ती नोंदणी केली. पण बँक त्या यंत्रावर उघडायची नाही, हे मावसबहिणीने परस्पर ठरवून टाकलं. बँकेचं काम आता तिच्या मोबाइलवर, आणि त्या मोबाइलला भाच्याने हात लावायचा नाही. हळदीचा व्हिडिओ त्याने शेवटी एका साध्या, खरोखरच फुकट असणाऱ्या सॉफ्टवेअरवर पुरा केला. बाहेरची डिस्क मावशीच्या जुन्या ट्रंकेत ठेवली आहे, लग्नाच्या शालूच्या घडीत. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाचा ती काढतो, भरतो आणि ठेवतो. मावसबहीण शेजारी उभी राहून वायर निघाली की नाही ते बघते.